पोट उघडं असताना

इंजिन गाडीतून काढत नाहीत, गाडी इंजिनावरून काढतात. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या जणांना ऐकवलं आहे की आता बायको माझ्याआधीच पुरं करते. पण ते खरं आहे. मोटारसायकलचं इंजिन मधल्या चौकटीत अडकवलेलं असतं. नवखा माणूस ते हातांनी ओढून बाहेर काढायला जातो, बोटं चेचून घेतो, कधी पायावर पाडून घेतो. जुना माणूस इंजिनाखाली एक लाकडी ठोकळा सारतो, त्यावर पोत्याची घडी ठेवतो, बोल्ट काढतो आणि मग गाडीच अलगद उचलून बाजूला नेतो. इंजिन आपल्या जागी बसून राहतं. दोन माणसं आणि थोडा धीर असला की झालं.

दोंडाईच्यात स्टेशनरोडला माझं गॅरेज होतं. तीस-बत्तीस वर्षं चालवलं, मग कंबरेनं ऐकणं सोडलं तेव्हा बंद केलं. गॅरेजवाले पुष्कळ होते. माझं थोडंफार नाव झालं ते घरी जाऊन इंजिन उतरवण्यासाठी. आमच्या भागातल्या माणसाचा गॅरेजवर विश्वास नसतो. पंक्चर काढायला गाडी सोडून जाईल, पण इंजिन उघडायचं म्हटलं की त्याला वाटतं, आतला चांगला माल काढून घेतील आणि भंगार घालतील. म्हणून म्हणायचे, दिलीपभाऊ, घरीच या, आमच्या डोळ्यांदेखत खोला. मी जायचो. पिशवीत पाने, हातोडी, दोन पोती, लाकडी ठोकळा. खाली पातेलं लावून ऑइल काढायचं, सायलेन्सर उतरवायचा, चेन सोडवायची, कार्बोरेटर बाजूला टांगायचा, वायरींचे जोड सोडून त्यांना कापडाच्या चिंध्या बांधायच्या आणि शेवटी ते लांब बोल्ट. त्यांतला एक तरी गंजून बसलेला असतोच. त्याला शिव्या देऊन उपयोग नसतो. रात्रभर तेल पाजून सकाळी हळू ठोकला की तो मुकाट निघतो.

धुळ्याला एका निवृत्त मास्तरांकडे गेलो होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मला वाटलं इंजिन खालीच, गाडीपाशी उघडायचं असेल. मास्तर म्हणाले, खाली लोक बघतात. आम्ही दोघांनी आणि शेजारच्या एका पैलवानानं इंजिन तिसऱ्या मजल्यावर चढवलं. मास्तरांनी हॉलच्या फरशीवर खडूनं गोल काढून ठेवले होते. प्रत्येक गोलात नंबर. काढलेला बोल्ट त्या नंबरच्या गोलात ठेवायचा.

"दिलीपराव," ते म्हणाले, "आता चुकलात तर दोष तुमचा."

मास्तरांच्या बाईंनी पिस्टन ठेवायला पोळपाट दिला. दिला म्हणजे मी मागितला आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही. तो पोळपाट पुन्हा स्वयंपाकघरात गेला की नाही हे मी विचारलं नाही. पण खडूचे गोल मी उचलले. त्यानंतर प्रत्येक ओट्यावर मी खडू घेऊन जायचो, आणि खरंच, कधी एक बोल्ट उरला नाही की एक कमी पडला नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. अजून थोडा आहे. हे आधी सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात या अभिमानाचा हात आहे.

दोंडाईच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, तापीच्या अंगाला एक गाव आहे. तिथं आबा आणि मालतीअक्का म्हणून एक शेतकरी जोडपं. कापूस, थोडी मिरची, दोन म्हशी. त्यांचा मुलगा योगेश. त्याच्या गाडीनं धूर सोडायला सुरुवात केली होती, चढावर दम तोडायची. योगेशचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. सून मनीषा, माहेर शिरपूरकडचं. उंचीनं बेताची, कामाला चपळ, आणि घरात अजून पाहुण्यासारखी वावरणारी. पहिल्या दिवशी मी इंजिन उतरवत असताना ती चहा घेऊन आली आणि खाली मांडलेल्या खडूच्या गोलांकडे बघत उभी राहिली. "रांगोळी मस्त शे," म्हणाली आणि स्वतःच लाजून आत पळाली. मला ती पोरगी तेव्हाच आवडली.

ब्लॉक, म्हणजे पिस्टनचं घर, आणि हेड, म्हणजे त्यावरचं झाकण, मी धुळ्याहून दुरुस्त करून आणलं. पुन्हा जोडायला बसलो तो दिवस आखाजीच्या दोन-तीन दिवस आधीचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि ती लेकींची असते. सासरी गेलेली लेक माहेरी येते, निंबाला झोके बांधतात, आणि लग्नानंतरची पहिली आखाजी असली तर भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला न्यायला येतो. मनीषाचा भाऊ सकाळीच आला होता. दुपारच्या गाडीनं दोघं निघणार होते.

इकडे माझा पिस्टन बसला होता, ब्लॉक बसला होता. वर हेड बसवायचं राहिलं होतं. म्हणजे इंजिन वरून उघडं होतं. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इंजिनातलं तेल नुसतं खाली साचून राहत नाही. पंप ते वर ढकलतो, आणि ब्लॉकच्या कडेनं एक बारीक वाट असते, तिच्यातून ते हेडमध्ये चढतं. हेडमध्ये कॅम नावाचा दांडा सारखा फिरत असतो, त्याला ते तेल मिळालं नाही तर तो तापतो, चाटतो आणि जाम होतो. ती वाट किती मोठी? एखादा हरभरा आत जाणार नाही एवढी. म्हणून इंजिन उघडं ठेवून हातही धुवायला जायचं असेल तर सगळी भोकं स्वच्छ फडक्यानं झाकून जायचं. हे मला माझ्या उस्तादानं पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि मी ते नेहमी करायचो.

मी हेड उचलणार तेवढ्यात मालतीअक्का पूजेचं ताट घेऊन आल्या.

"अक्का, इंजिन पुरं बसू द्या, मंग करू पूजा," मी म्हणालो.

"पोट उघडं शे तवयच पूजा करानी," त्या म्हणाल्या. "झाकनवर हळद-कुकू लाईसन काय फायदा? आनि मनीषा आते निंघी जाई. घरनी लक्ष्मी शे, तिना हातनी व्हवाले पाह्यजे."

त्यांच्या घरी अशीच रीत होती. विहिरीवरची मोटर, कडबा कुट्टी, काही उघडलं की बंद करायच्या आधी पूजा. वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. माझ्या कामाची कोणी पूजा करतंय हे कोणाला आवडणार नाही? मी पोत्यावरून उठलो, हात पुसले आणि बाजूला उभा राहिलो. मनीषानं डोक्यावर पदर घेतला, ब्लॉकला हळद लावली, कुंकू लावलं आणि कुंकवात भिजवलेले चार तांदूळ टाकले. मग अक्कांनी टाकले, आबांनी टाकले, योगेशनं टाकले. आबांनी ताट माझ्याकडे सरकवलं, "दिलीपभाऊ, तुम्ही बी टाका." तेही झालं. पोरगी मुऱ्हाळ्याबरोबर निघाली, सगळे तिला सोडायला फाट्यापर्यंत गेले, आणि मी काम पुढे सुरू केलं. पिस्टनवर पडलेले तांदूळ एक एक करून वेचले. ब्लॉकच्या माथ्यावरचे फुंकरीनं उडवले. पॅकिंग, म्हणजे मधली भोकांची पातळ चकती, ठेवलं, हेड बसवलं, नट आवळले. ती बारीक वाट मी आधी झाकली नव्हती आणि नंतर तपासलीही नाही. पूजा चालली असताना देवाच्या कामात फडकी कोंबायची मला लाज वाटली असावी.

गाडी एका किकमध्ये सुरू झाली. आवाज असा की आबा म्हणाले, ही नवीच शे.

आखाजी झाली आणि चार दिवसांनी योगेश बायकोला आणायला शिरपूरकडे गेला. जाताना गाडी नीट गेली. जोडताना मी कॅमला हातानं चोपडलेलं तेल जायच्या वाटेला पुरलं. येताना मागे मनीषा, तिची पेटी, आईनं दिलेल्या सांडगे-पापडांचा डबा आणि वैशाखातलं ऊन. गावाच्या अलीकडे पाचेक किलोमीटरवर इंजिननं कर्रकन आवाज केला आणि चाक जागच्या जागी अडकलं. दोघं पडता पडता वाचले. मग योगेश क्लच दाबून गाडी ढकलतोय आणि मागून नवी नवरी डोक्यावर पेटी घेऊन चालतेय, असे ते भर दुपारी गावात शिरले. ओट्याओट्यावर माणसं बसलेली होती. सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मला निरोप आला. मी पोचलो तेव्हा घरात कोणी नीट बोलत नव्हतं. मी आधी योगेशलाच फैलावर घेतलं. ऑइल पाहिलं होतंस का, म्हटलं.

"भाऊ, ऑइल पुरं व्हतं. मी देखीसन निंघनू," तो म्हणाला. खरं होतं. मी तपासलं तर तेल काठोकाठ होतं.

मग अक्का बोलल्या. मोठ्यानं नाही. दळण निवडताना आपल्याशीच बोलावं तसं. "जातांना गाडी नीट गयी. येतांना हिले बसाडं आनि जाम व्हयी गयी. आते काय समजानं ते समजी ल्या."

पायगुण हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण तो ओट्यावर येऊन बसला होता. आबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अक्कांचं म्हणणं पडतंय, पोरीला काही महिने माहेरी ठेवू. कोणा जाणत्याला विचारू, मग आणू. मी अशी दोन घरं पाहिली होती जिथं काही महिने म्हणून पाठवलेली पोर परत आणली गेलीच नाही. कोणी काढून टाकलं नाही, फक्त आणायला कोणी गेलं नाही. मनीषा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती आणि तिच्या हातात पेटी नव्हती, पण ती कालपासून तशीच भरलेली कोपऱ्यात होती. ती तिनं उघडली नव्हती.

मी इंजिन उतरवलं. ठोकळा, पोतं, बोल्ट, खडूचे गोल. हेड काढून उलटं केलं. कॅम निळा पडला होता, म्हणजे तेल वर आलंच नव्हतं. तेलाची वाट जिथं हेडमध्ये शिरते तिथं ती आणखी अरुंद होते. मी तिच्यात तार घातली. काहीतरी टोचलं. तारेला आकडा करून ओढलं आणि माझ्या तळहातावर तांदळाचा एक दाणा पडला. तेलात तापून करडा झालेला. पण एका टोकाला अजून लाल होता.

त्याच क्षणी मनीषा पाण्याचा तांब्या घेऊन पुढ्यात उभी होती. तिनं माझ्या हातात पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. आपली शिक्षा वाचून दाखवणाऱ्या माणसाकडे बघावं तशी ती बघत होती.

मला एवढंच कळलं की हा दाणा या ओट्यावर दिसता कामा नये. आधीच पायगुण, त्यात तिच्या हातच्या अक्षतेनं इंजिन मेलं म्हटल्यावर बोलायचं काही उरत नव्हतं. मी तिच्या हातून तांब्या घेतला, दाणा तोंडात टाकला आणि वरून पाणी प्यालो. कडू, तेलकट, घशाला लागला. मनीषानं मान खाली घातली.

"काय निंघनं?" आबांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "आबा, मनी चूक शे. हेडनं पॅकिंग मीच उलटं बसाडं. तेलनं भोक त्याखाले झाकायी गयं. गाडीना दोष नही, नि कोना पायगुनना बी नही."

बाहेरच्या माणसाला हे साधं वाटेल. पण पॅकिंग उलटं बसवणं म्हणजे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ माणसाची चूक. तीही तो एकदाच करतो, कारण उस्ताद त्याला दुसऱ्यांदा करू देत नाही. मी ती आयुष्यात कधी केली नव्हती. त्या दिवशी चार माणसांसमोर मी ती आपल्या नावावर लावून घेतली.

"तुम्ही? इतला वरीस काम करीसन?" अक्का म्हणाल्या. मग त्या मला बोलल्या, भरपूर बोलल्या. माझ्या डोळ्यांना, वयाला, चहाच्या सवयीला, सगळ्याला बोलल्या. आणि ते बोलणं जसजसं माझ्यावर पडत गेलं तसतसा तो दुसरा शब्द ओट्यावरून उठून गेला. दुपारी मला आतून पेटी उघडल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही, पण त्या आवाजानं मला जे समाधान झालं ते कुठल्याही इंजिनच्या आवाजानं झालं नव्हतं.

सगळं काम मी पुन्हा करून दिलं. बातमी माझ्याआधी दोंडाईच्यात पोचली. स्पेअर पार्टच्या दुकानात पॅकिंग मागितलं की काउंटरवरचा गृहस्थ म्हणायचा, "भाऊ, बाण काढून देऊ का, वरची बाजू कोणती ते?" दोन-तीन चांगली गिऱ्हाइकं तुटली. एकानं तर मी हेड बसवताना आपल्या मेहुण्याला शेजारी बसवलं, नजर ठेवायला. मी हे सगळं सोसलं, आणि सोसताना मनातून ताठ असायचो. मला माहीत होतं की मी एका पोरीचा संसार वाचवला आहे. कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पण स्वतःला मी ती गोष्ट पुष्कळ वेळा सांगितली. दरवेळी त्यात मी थोडा आणखी मोठा व्हायचो.

यंदा आखाजीच्या आधी फोन आला.

"भाऊ, मी मनीषा. वळखं का? इंजिन उतारनं शे. तीच गाडी. पन आमनाच ओटावर."

मधे पंधरा-सोळा वर्षं गेली होती. मी म्हणालो, बाई, मी आता हे काम करत नाही, माझी कंबर गेली. ती म्हणाली, "उचलानं काम योगेस करी. तुम्ही फक्त बसी ऱ्हा नि सांगा." मला नाही म्हणवलं नाही. खरं तर मला जायचंच होतं.

आबा मधल्या काळात गेले. अक्का आता ओट्यावरच्या खाटेवर असतात, दिसायला कमी झालंय, पण बोलणं शाबूत आहे. मनीषानं घराच्या बाजूला मिरची कांडायचं मशीन टाकलंय आणि ही जुनी गाडी ती स्वतः चालवते. मसाल्याच्या पिशव्या लावून आठवडे बाजार करते. ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या मिरचीनं मला चार शिंका आल्या. ती हसली. पूर्वीची पाहुण्यासारखी वावरणारी पोर कुठंच दिसत नव्हती. घर तिच्या आवाजानं चालत होतं.

योगेशनं गाडी उचलली, मी बसून सांगितलं. ब्लॉक-हेड धुळ्याला जाऊन आलं. जोडायच्या दिवशी पिस्टन बसला, ब्लॉक बसला आणि खाटेवरून अक्कांचा आवाज आला, "पोट उघडं शे ना अजून? ताट आना."

मनीषा ताट घेऊन आली. पण तिनं ते खाली ठेवलं नाही. योगेशच्या हातात दिलं, आत गेली आणि धुतलेल्या पांढऱ्या कापडाचे तुकडे घेऊन आली. माझ्यासमोर उकिडवी बसली. एक बोळा तिनं पिस्टनवर ठेवला, एक चेनच्या जागी. आणि एक लहानसा बोळा करून नेमका त्या बारीक वाटेत घातला. मी तिला ती वाट कधी दाखवली नव्हती.

"पहिले भोकं झाका, भाऊ," ती म्हणाली. "त्या टाईमले नही झाकेल व्हतात."

योगेश तिच्याकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीत मोठा होत आलो होतो ती आता ओट्यावर माझ्या पुढ्यात होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. गप्प बसलो असतो तर बसता आलं असतं. मनीषानंही पुढे काही म्हटलं नसतं. पण माझं वय झालंय, आणि खोटं सांभाळायलाही ताकद लागते.

"अक्का," मी म्हणालो, "त्या टाईमले पॅकिंग उलटं नव्हतं. तेलनी वाटमां तांदुळना दाना आडकेल व्हता. ते भोक झाकानं काम मनं व्हतं. मी झाकं नही. नि वरथीन खोटं बोलनू."

मनीषा हळू आवाजात म्हणाली, "माले मालूम शे. मी देखा व्हता. तुम्ही दाना गियी गयात ते बी."

"तुनासाठेच खोटं बोलनू, बाई."

"हा. घरमां कोन्ही काही बोलनं नही, ते तुमनामुळेच. हाई मी मानस." ती बोळ्याची कड बोटानं आत सारत होती. "पन मनमां एक बसी गयं. दर आखाजीले ताटमां हात घाला का वाटे, मनाच दानानी गाडी बंद पाडी. कोनले सांगू? सांगानं म्हनजे तुमनं खोटं उघडं पडी."

हे मला सुचलंच नव्हतं. दाणा गिळून मी गोष्ट संपवली असं मला वाटलं होतं. ती तिनं गिळली होती. मी त्या दिवशी खरं ते बोललो असतो, की भोक झाकायचं काम मिस्त्रीचं असतं, पूजा करणाऱ्याचं नसतं, तर शिव्या मला तेवढ्याच पडल्या असत्या आणि तिच्या मनात काही राहिलं नसतं. पण मला ते सुचलं नाही. मला तिला वाचवायचं होतं, आणि वाचवायला आधी ती दोषी असावी लागते. मी तिला तसं धरूनच चाललो होतो.

मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं. रागानं नाही. खूप दिवस हातात धरलेली वस्तू खाली ठेवावी तसं.

"भाऊ, अक्षता त बठ्ठासनी टाक्यात. तो दाना मनाच व्हता, हाई तुम्हले कोनी सांगं?"

मग खाटेवर अक्कांनी हात वर केला आणि बोटं मोजायला लागल्या. नजर अधू झालेल्या माणसाची बोटं असतात तशी, एकेकाला चाचपत.

"हिनी टाक्यात. मी टाक्यात, मी त मूठभर टाक्यात व्हत्यात. यानी टाक्यात, योगेसनी. आबांनी टाक्यात." अंगठ्याशी येऊन त्या थांबल्या. मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली. "आनि आबांनी ताट मंग तुमना आंगे सरकाडं व्हतं, दिलीपभाऊ."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोनशे बोल्टांचा हिशोब चुकू न देणारे हात. त्या पाचांमध्ये मी स्वतःला एकदाही धरलं नव्हतं. ताट माझ्याकडे आलं होतं, मी घाईत चिमूट भरली होती, काळ्या तेलकट बोटांनी, नीट न बघता, आणि इंजिनावर वरूनच उडवली होती. तो दाणा करडा होता. तेलात तापून झाला असेल. किंवा आधीपासूनच असेल.

मनीषानं योगेशच्या हातातून ताट घेतलं. तिनं हळद लावली, कुंकू लावलं, तांदूळ टाकले. योगेशनं टाकले. अक्कांना तिनं हाताला धरून इंजिनाजवळ आणलं, त्यांनी यंदाही मूठभरच टाकले. मग ताट माझ्यापुढे आलं आणि माझा हात काही उचलेना.

"टाका, भाऊ," मनीषा म्हणाली. "आते बठ्ठा भोकं झाकेल शेतस."

मी टाकले.